एनपीयू घेताना कर्नलची आवृत्तीही विचारा

महोदय,

‘एआय लॅपटॉप’च्या जाहिराती रोज झळकतात, पण आतला एनपीयू (एआयची गणिते वेगाने करणारी चिप) लिनक्सवर चालेल का, हे कुणी सांगत नाही. महाविद्यालयांनी खरेदीआधी हे विचारायलाच हवे.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, फेब्रुवारी २०२३ मधल्या ६.२ आवृत्तीपासून अशा चिपसाठी ‘ॲक्सेल’ हा वेगळा विभाग आहे. मेमरी वाटप आणि कामांची रांग हे प्रश्न ग्राफिक्ससारखेच, म्हणून तो डीआरएमवरच, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स विभागावरच, उभारला. डिव्हाइस फाइल (प्रोग्राम जिच्यामार्फत चिपशी बोलतात ती) मात्र स्वतंत्र. त्यामुळे कोणताही प्रोग्राम एनपीयूला ग्राफिक्स कार्ड समजून बसत नाही. इंटेलचा ड्रायव्हर (चिप चालवणारा कर्नलमधला प्रोग्राम) ६.३ मध्ये आला, क्वालकॉमच्या लॅपटॉपचा नव्हे, तर ‘क्लाउड एआय १००’ या सर्व्हर कार्डाचा ६.४ मध्ये, एएमडीचा थेट ६.१४ मध्ये. जुनी आवृत्ती टाकली की चिप नुसती पडून राहते.

आवृत्ती योग्य असूनही चालत नसेल, तर ‘डीमेसेज’ (dmesg) या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत ‘उणे २’ ही चूक शोधा. ती दिसली, तर फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडलेली नाही; तुमच्या लिनक्स वितरणाचे (उबुंटू, फेडोरा वगैरे) फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करा. ‘ॲक्सेल०’ ही डिव्हाइस फाइल दिसते, पण परवानगी नाकारली जाते? मग वापरकर्त्याला बहुधा ‘रेंडर’ या परवानगी असलेल्या गटात घालावे लागेल. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा आत या, नाहीतर बदल लागू होत नाही.

ड्रायव्हर स्वीकारताना त्यावर चालणारे वापरकर्त्याकडचे सॉफ्टवेअरही खुले हवे, ही डीआरएमची अट इथेही आहे. ती अजिबात सैल होऊ नये. कर्नलने प्रोग्रामांना एकदा दिलेला इंटरफेस (त्याच्याशी बोलण्याची ठरलेली पद्धत) सहसा मोडता येत नाही, आणि बंद सॉफ्टवेअरसाठी दिलेला इंटरफेस तपासणार कोण?

– मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे काही अभियंते, पुणे