मी लिहीत असताना शेजारी बसून नुसते पाहणाऱ्या त्या तरुणास

स. न. वि. वि.

आपले नाव कुठेही लिहायचे नाही, असे तुम्ही निघताना बजावले होते, म्हणून हे पत्र नावावाचून लिहीत आहे. आभार मानायचे नाहीत, असे मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात. तेवढी पळवाट मी घेते आहे.

गेले आठ महिने माझ्या लॅपटॉपवर एक विलक्षण प्रकार चालला होता. मुद्रितशोधन करताना मी दुरुस्ती टंकित करू लागावे आणि वाक्याच्या मध्यावरच कर्सरने उडी मारून भलत्याच परिच्छेदात जाऊन बसावे. एका कादंबरीत तर तळटीपेचा अर्धा भाग मरणासन्न आजोबांच्या तोंडी जाऊन पडला, आणि ते माझ्याआधी लेखकाच्या नजरेस आले. शाळेत आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला याहून मोठी शरम कोणती?

ज्यांच्याकडे आधी हे यंत्र नेले, त्यांच्याविषयी फार लिहिणार नाही. पण काहीच लिहिले नाही, तर तुम्ही काय केलेत ते वाचणाऱ्याला कळणार नाही. एकाने टचपॅड बदलून दिला, पैसे घेतले आणि दुखणे जसेच्या तसे माझ्याबरोबर घरी पाठवले. दुसऱ्याने टचपॅड कायमचा बंद करून माऊस वापरण्याचा सल्ला दिला. गुडघ्यामुळे मी पलंगावर बसून, मांडीवर पाट घेऊन काम करते. त्या पाटावर माऊस कुठे फिरवणार, हे त्याने विचारले नाही. तिसऱ्याने यंत्र उघडलेसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, ‘‘काकू, या वयात हात थोडा थरथरतोच.’’ त्या रात्री स्वयंपाकघरात भरलेली कपबशी हातावर धरून, चहा डुचमळतो का हे पाहत मी किती वेळ उभी होते, ते मलाच ठाऊक.

तुम्ही शेजाऱ्यांकडे पाहुणे म्हणून आला होतात आणि त्यांनी तुम्हाला जवळजवळ ओढतच आमच्याकडे आणले. सवयीप्रमाणे मी लॅपटॉप तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही तो घेतला नाहीत. ‘‘तुम्ही रोजच्यासारखे काम करा, मी नुसता बघतो,’’ असे म्हणून तुम्ही स्टूल माझ्या किंचित मागे घेतलेत, म्हणजे परीक्षेला बसल्यासारखे मला वाटू नये. वीस मिनिटे तुम्ही पडद्याकडे नव्हे, तर माझ्या हातांकडे पाहत होतात. समोरच्या चहावर साय धरली, तरी तुमचे लक्ष गेले नाही. मग तुम्ही एकच प्रश्न विचारलात: ‘‘काकू, मजकूर उचलताना तुम्ही कंट्रोलऐवजी कॅप्स लॉक का दाबता?’’

या प्रश्नातच सगळे उत्तर होते. कंट्रोलची कळ निकामी झाल्यावर तिचे काम कॅप्स लॉककडे सोपवणारा एक छोटा प्रोग्राम भाच्याने बसवून दिला होता, आणि मी ते विसरूनही गेले होते. टंकलेखन चालू असताना टचपॅडने गप्प राहावे, ही सोय माझ्या लॅपटॉपवर चालणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या, कीबोर्ड आणि टचपॅडचे इशारे हाताळणाऱ्या लिबइनपुट या भागात मुळातच आहे. शेवटची कळ दाबल्यावर सुमारे अर्धा सेकंद तळहाताच्या स्पर्शाकडे दुर्लक्ष केले जाते. पण ही सोय लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डासाठी असते. भाच्याचा प्रोग्राम खरा कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात घेऊन त्याच्या जागी एक आभासी कीबोर्ड उभा करत होता, आणि लिबइनपुट त्याला बाहेरून जोडलेला समजत होते. म्हणून मी टंकित करत असतानाही टचपॅड जागाच राही आणि तळहात टेकताच कर्सर उडी मारी. हा घरचाच आहे, एवढे त्याला चार ओळींत सांगावे लागले. नवा टचपॅड बसवूनही काही फरक का पडला नाही, ते मला तेव्हा उमगले.

चहा बदलून दिल्यावर तुम्ही सांगितलेत की, हे लिबइनपुट जोनास ओडाल यांनी सुरू केले आणि पीटर हटरर यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. त्याआधीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, डझनावारी आकडे ज्याचे त्याने जुळवत बसायचे, अशी रीत होती. या मंडळींनी मात्र बोट कोणते आणि तळहात कोणता, हे शक्यतो यंत्रानेच ओळखावे, असा आग्रह धरला. मला त्यातले तंत्र कळत नाही, पण वृत्ती ओळखीची वाटली. माणूस जसा बसतो आणि जसा लिहितो, तसा आधी पाहून घ्यायचा आणि मग यंत्राला वळण लावायचे, ही सभ्यता मी पूर्वी चांगल्या शिंप्यांत आणि एक-दोन डॉक्टरांत पाहिली होती. दुरुस्तीच्या दुकानांत ती मला भेटली नाही, हे कदाचित माझे दुर्दैव असेल.

त्या चार ओळी तुम्ही माझ्या वहीत उतरवून दिल्यात आणि प्रत्येकीपुढे तिचा अर्थ मराठीत लिहिलात, म्हणजे पुढे यंत्र बदलले तरी मला कुणाची वाट पाहावी लागू नये. वही पलंगाशेजारीच आहे. पैशांचा विषय काढल्यावर तुम्ही चपला घालू लागलात, म्हणून तो मी पुन्हा काढत नाही.

कादंबरीची शेवटची मुद्रिते परवा रवाना झाली. आजोबा आता स्वतःचेच बोलून जातात. आठ महिने मनगटे अधांतरी धरून लिहिण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. हे पत्र लिहितानाही दोनदा ध्यानात आले आणि दोन्ही वेळा मी ती खाली टेकवली.

आपली,
सातारच्या काकू