शनिवारी आम्ही निघालो की

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आठ दिवसांत परक्या मुलखात जाऊन तुम्ही काय दिवे लावणार, असं बाबांनी फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

युगांडाच्या पूर्वेला, बुसोगा भागातलं हे क्लिनिक. आपल्या मिरजेच्या मिशनशी तुलना नको. इथे एकच थिएटर आणि बारमाही डॉक्टरही एकच. भोवताली ऊस. हर्निया वर्षानुवर्षं लंगोटात आवळून मोळ्या उचलणारी माणसं तपासणीला येतात. ऑपरेशनं करायला आठ दिवसांसाठी आलेले सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स मिळून आम्ही पाच जण. आम्हाला काय काय करता येतं हे इथे दुय्यम ठरतं. शनिवारी आम्ही निघालो की नवव्या दिवशी ती जखम कोण बघणार, यावर यादी ठरते. ज्याचं मागचं इथल्या सिस्टरांना निस्तरता येणार नाही, ते ऑपरेशन सोपं असलं तरी आम्ही हातात घेत नाही.

सोमवारी फक्त तपासणी. रक्तदाब १८०/११० च्या वर असला तर ऑपरेशन पुढे ढकलायचं, ताप असला तर आधी मलेरियाची पट्टी. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या नंदुरबार-गडचिरोलीसारखा इथेही आढळतो. त्या रुग्णाला ऑक्सिजन कमी पडून चालत नाही, म्हणून आधीच विचारायचं. मोठे, अंडकोशात उतरलेले हर्निये मंगळवार-बुधवारी, लहान गुरुवारी, शुक्रवारी चाकूला हात नाही. कारण आत रक्त साठायचं असेल तर ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत कळतं, आणि तेव्हा टाका घालणारा माणूस जागेवर हवा. शेवटच्या दिवशी ‘अजून एक करून टाकू’ म्हणणारा सर्जन मला तरी आवडत नाही.

भूल शक्यतो जागेवरचीच. लिग्नोकेन हे त्या भुलेचं औषध, साधं असलं तर त्याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनलिन घातलं तर ७. साठ किलोच्या माणसाला एक टक्क्याचं साधं औषध १८ मिली झालं की संपलं, आणि हर्नियाला तेवढं पुरत नाही. म्हणून अ‍ॅड्रेनलिनचं घ्यायचं आणि सलाइन घालून अर्ध्या टक्क्यावर आणायचं. हिशेब फळ्यावर लिहायचा, तोंडी नाही. ओठ बधिर वाटतात, कानात घुमतं असं रुग्ण म्हणाला की सुई तिथेच थांबली पाहिजे. त्याला नीट सांगता यावं म्हणून इथली लुसोगा भाषा बोलणारी सिस्टर उशाशी बसलेली असते.

बाबा, तुमच्या हर्नियाला बसवली ती जाळी कंपनीची, महागाची. इथे मच्छरदाणीची चालते. ही युक्ती आपल्याकडची, दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांची. पूर्व युगांडातल्याच ३०२ पुरुषांवर दोन्ही जाळ्या तपासून पाहिल्या आणि वर्षभरानंतर फरक दिसला नाही, असा अभ्यास २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पण दुकानातली कुठलीही मच्छरदाणी उचलून चालत नाही. कीटकनाशक लावलेली बाद. १०×१५ सेंटिमीटरचे तुकडे, आणि निर्जंतुक १२१ अंशांवरच. घाईने १३४ च्या फेरीत टाकली की आकसून गोळा होते.

हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह हे आई, तुझ्या कुकरचंच थोरलं भावंड. आतली हवा गेल्याशिवाय शिटी ठेवायची नाही, हा तुझा नियम इथे जिवाचा आहे. हवा अडकली की काटा दाब दाखवतो, पण मधल्या गाठोड्यात उष्णता पोचत नाही. दुसरी फसगत उंचीची. समुद्रसपाटीला १५ पौंड दाबाला १२१ अंश मिळतात. इथे ११०० मीटरवर त्यासाठी १७ पौंड लागतात. काटा पंधरावर आला म्हणून घड्याळ लावलं तर हत्यारं कच्ची राहतात, आणि ते कळतं चार दिवसांनी, जखमेत पू झाल्यावर. गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीवरच्या काळ्या रेघांवर विसंबू नये. त्या फक्त बाहेरून तापलं एवढंच सांगतात. गाठोडं ओलं निघालं तर ते निर्जंतुक नाहीच, पुन्हा लावायचं.

विजेचंही असंच. अमेरिकेतून दान आलेलं ११० व्होल्टचं कॉटरी मशीन (विजेने डागून रक्त थांबवणारं) इथल्या २४० ला जोडलं की जळतं. औषधांची मुदतही पोचल्यावर निदान वर्षभर उरलेली हवी, नाहीतर त्यांची विल्हेवाट लावण्याचं काम आपण यजमानाच्या गळ्यात मारतो.

सकाळची प्रार्थना चुकवायची नाही, हे नव्यांना मी आधीच सांगते. श्रद्धा ज्याची त्याची. पण रात्री कोणाची लघवी अडली, जनरेटरला डिझेल किती उरलंय, हे सगळं प्रार्थना संपल्यावर त्याच बाकांवर ठरतं.

आता काम. बाबा, हत्यारांची गाठोडी बांधायला मार्केटातून वीस मीटर मांजरपाट घ्या, घट्ट विणीचा. नव्या कापडाची खळ वाफेला आत शिरू देत नाही, तेव्हा आई, कापण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुऊन घे. ९०×९० सेंटिमीटरचे चौकोन, दुहेरी, चारही कडा दुमडून शिवलेल्या. मध्ये कुठेही शिवण नको. सुईच्या भोकातून जंतूंना वाट मिळते. पोस्टाने पाठवू नका, नोव्हेंबरात येईन तेव्हा नेईन.

तुमची,
धाकटी