हसण्याचे जपानी शब्द प्रसंगासह शिकवावेत

महोदय,

जपानीच्या वर्गात हसण्याचे ध्वन्यनुकारी शब्द केवळ यादी म्हणून पाठ करून घेतले जातात. ते प्रसंगासह शिकवावेत, अशी कळकळीची विनंती आहे. ‘वाराउ’ (हसणे) या एकाच क्रियापदाआधी ‘गेरागेरा’ आले की खदखदून हसणे आणि ‘कुसुकुसु’ आले की तोंडावर हात धरून हळूच हसणे असा अर्थ होतो, अगदी आपल्या ‘खो-खो’, ‘फिदीफिदी’सारखा. ‘निकोनिको’त मात्र आवाजच नसतो, तो प्रसन्न चेहरा असतो, आणि ‘नियानिया’ म्हणजे मनात काही ठेवून केलेले छद्मी हसू. माझ्या एका विद्यार्थिनीने जपानमधील यजमान आजींना आभाराच्या पत्रात ‘तुम्ही सदैव नियानिया हसता’ असे लिहिले होते. पत्र टपालात पडण्याआधी माझ्या नजरेस आले, म्हणून तो शब्द बदलता आला.

— एक जपानी शिक्षिका, पुणे