नव्या आराखड्याआधी जुन्याचा हिशेब मांडा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जानेवारी २०२६ मधील निवडणुकीमुळे पुणे महापालिकेला पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले आणि मार्च २०२२ पासून चालत आलेली प्रशासकीय राजवट एकदाची संपली. रस्ते, कचरा आणि पाणी यांच्या तक्रारी नव्या नगरसेवकांना पहिल्या दिवसापासून घेरणार, हे उघड आहे. त्या गर्दीत शहराच्या विकास आराखड्याचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाचा, आढावा मागे पडू नये आणि शहर सुधारणा समितीने तो स्वतःहून हाती घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समाविष्ट गावे वगळून शहराच्या जुन्या हद्दीचा सध्याचा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी तयार झाला. त्याचा प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या, नियोजन समितीतील नगरसेवक आणि शासननियुक्त सदस्य यांचे एकमत झाले नाही आणि अखेर २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. त्याला मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षे अशी मंजुरीची वाट पाहण्यातच गेली आणि उरलेली दहाही आता सरत आली आहेत.

‘पण कायद्याने अजून भरपूर अवधी आहे’, असे उत्तर यावर मिळू शकते आणि ते चुकीचे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ नुसार आराखडा अमलात आल्यापासून वीस वर्षांत त्याची सुधारणा करायची असते. म्हणजे कागदोपत्री २०३७ पर्यंत घाई नाही. मात्र त्याच कायद्याचे कलम १२७ वेगळे घड्याळ लावते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत रस्ता, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. २०१७ च्या आराखड्याने नव्याने टाकलेल्या आरक्षणांची ही दहा वर्षे २०२७ च्या सुरुवातीलाच पूर्ण होत आहेत. कोणत्या जागांवर अशा नोटिसा येऊ शकतात, त्यांपैकी कोणत्या जागा कोणत्याही परिस्थितीत सोडता कामा नयेत आणि त्यांच्यासाठी पैसा कोठून उभा करायचा, याचा विचार नोटिसा येऊन पडल्यावर सुरू करण्यात काहीच शहाणपणा नाही.

म्हणून समितीकडे माझी मागणी साधी आहे. नवा आराखडा, नवी संकल्पना, नवे सल्लागार यांच्याकडे वळण्यापूर्वी जुन्या आराखड्यातील प्रत्येक आरक्षणाचा हिशेब जाहीर करावा. सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्र किती, हेतू काय, ताबा कोणाकडे, तो रोख मोबदल्याने मिळाला की टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) बदल्यात, आणि आज त्या जागेवर प्रत्यक्षात काय आहे, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उद्यानासाठी राखलेली जागा ताब्यात आली, तिला पत्र्यांचे कुंपण पडले, ‘ही जागा पुणे महापालिकेच्या मालकीची आहे’ अशी पाटी लागली आणि आत मात्र राडारोड्याचे ढीग व पाण्याचे टँकर उभे आहेत, असे चित्र या शहरात शोधायला लांब जावे लागत नाही. कागदावर असे आरक्षण ‘संपादित’ म्हणून यशाच्या खात्यात जमा होते. शेजारच्या सोसायटीतील मुले मात्र पार्किंगमध्येच क्रिकेट खेळतात. प्रशासनाकडे ही सगळी माहिती असेलही. परंतु ती भूसंपादन, बांधकाम परवानगी, मालमत्ता व्यवस्थापन आणि उद्यान या विभागांच्या निरनिराळ्या फायलींत विखुरलेली असेल, तर ना नगरसेवकांना तिचा उपयोग ना नागरिकांना.

अपयशाची कारणेही या हिशेबात यायला हवीत. उच्च क्षमता द्रुतगती मार्गाचेच, म्हणजे एचसीएमटीआरचेच पाहा. सुमारे ३६ किलोमीटरचा हा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या आराखड्यात दाखवला गेला. त्याच्या आखणीत येणाऱ्या मिळकतींचे भवितव्य तेव्हापासून टांगणीला लागले, मधल्या काळात निविदा निघाल्या, दर फार चढे आल्याने त्या बारगळल्या, आणि मार्ग आजही नकाशावरच आहे. तो करायचा की सोडायचा, हे एकदा ठरवून टाकण्याचे धैर्य एकाही सभागृहाने दाखवले नाही. टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाची गोष्टही फारशी निराळी नाही. पूर्वीच समाविष्ट झालेल्या गावांमधील ९७८ हेक्टरवरील या आरक्षणाचा निर्णय व्हायला २०१५ साल उजाडले, तरी मोबदल्याचा वाद मिटलेला नाही आणि बहुतांश जमीन अजून ताब्यात नाही. टेकड्या वाचल्याच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मालकाला मोबदला द्यायचा नाही आणि आरक्षणही उठवायचे नाही, या धोरणाने त्या वाचत नाहीत, हळूहळू पोखरल्या जातात.

आराखडा एकीकडे आणि रोजचे ठराव दुसरीकडे, ही शहराची जुनी सवयही तपासावी लागेल. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदल, महापालिका अधिनियमाच्या कलम २०५ खाली आखलेले नवे रस्ते आणि कलम २१० खालील रस्तारुंदी यांतून मूळ नकाशा किती बदलला, हे एकत्रितपणे कधी मांडले जाते का? २०२० मध्ये सहा मीटर रुंदीचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वाहतुकीपेक्षा टीडीआर वापराचीच चर्चा अधिक झाली, ती उगाच नव्हे.

गावांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेले आणि त्या संस्थेचा प्रारूप आराखडाही २०२५ मध्ये रद्द झाला. या गावांतील बांधकामे मात्र आराखड्यासाठी थांबलेली नाहीत.

नव्या आराखड्यासाठी लोकसंख्येचे विश्वासार्ह आकडे हवेत आणि ते सध्या हाताशी नाहीत. शेवटची जनगणना २०११ ची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे हाती येईपर्यंतचा काळ हा या हिशेबासाठी आयताच मिळालेला अवधी आहे. समितीने आरक्षणांची यादी प्रभागनिहाय, मराठीत आणि नकाशासह क्षेत्रीय कार्यालयांत लावावी, जागेवरची खरी परिस्थिती कळवण्यासाठी नागरिकांना दोन महिने द्यावेत आणि आलेल्या प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला, तो कारणासह लेखी प्रसिद्ध करावा. २०१३ च्या हजारो हरकतदारांपैकी अनेकांना आपली सूचना का फेटाळली गेली, हे शेवटपर्यंत समजले नाही. हे काम डिसेंबर २०२६ पूर्वी उरकले, तर कलम १२७ च्या पहिल्या नोटिसा येतील तेव्हा कोणती जागा आधी घ्यायची, हे ठरलेले असेल आणि त्यासाठीची तरतूद २०२७-२८ च्या अंदाजपत्रकात करता येईल.

आपला विश्वासू,
एक नागरिक, कोथरूड, पुणे