इंजेक्शनांबरोबर सुयांचा डबाही घरी यायला हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांपैकी मी एक आहे. आमच्या कामात सुई टोचण्याचा जो धोका आहे, त्यातला बराचसा भाग घरात एक साधा डबा नसल्यामुळे ओढवतो, हे आपल्या वृत्तपत्रातून मांडावेसे वाटते.

रुग्णालयात वापरलेली सुई टाकण्याचा जाड डबा हाताशी असतो. घरी मात्र पलंगाच्या कडेला ओणवे होऊन, अपुऱ्या उजेडात इंजेक्शन द्यावे लागते. रुग्णाला भान नसेल तर तो ऐन वेळी हात झटकतो आणि सुई बाहेर काढली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न उभा राहतो. तात्पुरते म्हणून टोपण परत बसवायला जावे, तर नेमकी तेव्हाच ती दुसऱ्या हाताच्या बोटात घुसते. टोपण परत लावू नये हे आम्हा सर्वांना शिकवलेले असते. पण डबाच नसेल तर उघडी सुई हातात धरून घरभर फिरणेही तितकेच घातक आहे.

मला स्वतःला सुई टोचली ती इंजेक्शन देताना नव्हे, तर चादर बदलताना. घरच्यांपैकी कोणीतरी पेनसारख्या उपकरणाने इन्सुलिन दिल्यावर त्याची सुई काढून, कापसात गुंडाळून उशीपाशी ठेवली होती. हातमोजा होता, तरी तर्जनीच्या टोकाशी रबराच्या आत लाल ठिपका पसरताना मला दिसला. ती सुई कोणाला वापरली होती हे ठाऊक असल्याने त्यांचे रक्त तपासता आले. कचऱ्याच्या पिशवीतली सुई ज्या सफाई कामगाराच्या तळहातात घुसते, त्याला एवढाही आधार नसतो.

सुईवरचे रक्त हिपॅटायटिस बी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूने बाधित असेल आणि टोचलेल्या व्यक्तीने लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. हिपॅटायटिस सीवर लस नाही. बीची लस मात्र आहे आणि ती पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी ती लागू पडली का हे दाखवणाऱ्या प्रतिपिंडांची रक्तात तपासणी करून घ्यावी, हे आमच्यातल्याही अनेकजणी विसरतात.

सुई टोचल्यावर जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि लगेच डॉक्टरांना गाठावे. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. प्रत्यक्षात घडते असे, की पुढच्या रुग्णाची वेळ झालेली असते, सोबत कोणी नसते आणि परिचारिका बोट पुसून निघून जाते. तिला पाठवणाऱ्या संस्थेने अशा वेळी पुढचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवून, त्याच दिवशी घटनेची नोंद करायला हवी. नोंद करणारीलाच हलगर्जी ठरवले जाईल ही भीती असेल, तोवर कोणी तोंड उघडणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की घरी द्यायची इंजेक्शने जो लिहून देतो त्याने सुया कुठे टाकणार हेही विचारावे, आणि जो त्या पुरवतो त्याने सुई आरपार जाणार नाही असा, घट्ट झाकणाचा डबाही द्यावा व तीन-चतुर्थांश भरला की परत न्यावा. असा डबा मिळेपर्यंत जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली, आत सुया आहेत असे वर लिहून, वापरता येते. पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बरणी मात्र नको.

मी माझा डबा पिशवीतून सोबत नेते आणि इंजेक्शन देण्याआधीच तो उघडून रुग्णाच्या उशाशी ठेवते. पण मी गेल्यावरची रात्रीची इंजेक्शने घरचेच देतात, आणि त्या सुया माझ्या डब्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आपली,
एक गृहसेवा परिचारिका