काचेचे दागिने पाच मिनिटांत होत नाहीत

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत मायक्रोवेव्हमध्ये काचेचे कानातले कसे बनवायचे ते वाचलं, फ्युज्ड ग्लासवर, म्हणजे काचेचे तुकडे तापवून एकमेकांत वितळवून जोडण्याच्या कलेवर, मराठीत कुणी लिहिलं याचा खूप आनंद झाला. पण त्यात दोन गोष्टी चुकल्यात आणि त्याने माणसं जखमी होऊ शकतात म्हणून लिहितेय.

एक, "कुठल्याही रंगीत बाटल्यांचे तुकडे चालतील" हे बरोबर नाही. प्रत्येक काच तापली की वेगवेगळी फुगते आणि थंड होताना तितकीच आकसते. म्हणूनच फ्युजिंगसाठीच्या काचेच्या शीटवर ९० किंवा ९६ असा फुगण्याचा नंबर असतो, ते दोन एकमेकांत मिसळायचे नाहीत. मी सुरुवातीला हिरव्या बाटलीची काच फ्युजिंगच्या शीटवर ठेवून ८०० डिग्रीला वितळवली, प्लेट इतकी गुळगुळीत निघाली की दिवाळीत वहिनीला दिली, आणि तीन आठवड्यांनी रात्री शोकेसमध्ये कुणी हात न लावता टच्च करून तिचे दोन तुकडे झाले, भेग बरोबर हिरव्या काचेच्या कडेकडेने गेलेली. त्यात कुणी खायला वाढलं असतं तर! बाटलीचीच काच वापरायची असेल तर सगळे तुकडे एकाच बाटलीचे घ्या.

दुसरं म्हणजे "पाच मिनिटांत तयार". वितळायला वेळ लागत नाही हो, सगळा वेळ थंड करण्यात जातो. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी वापरलाय त्यांना आठवेल, तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की तडकलीच. बाहेरची बाजू आधी गार होते, आतली गरम राहते आणि ताण काचेतच अडकून बसतो. म्हणून सहा मिलिमीटरच्या प्लेटला मी साधारण ४८० डिग्रीवर तासभर थांबवते आणि मग हळूहळू उतरवते, रात्री भट्टी लावली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाकण उघडत नाही. बाऊल करायचा तर तीच प्लेट साच्यावर ठेवून पुन्हा ६५० च्या आसपास तापवायची, म्हणजे अजून एक दिवस. प्रदर्शनात लोक विचारतात एवढी किंमत का, तर त्यात हे दोन दिवस असतात.

मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या छोट्या भट्टीतही झाकण निदान पाऊण तास बंदच ठेवायचं, आणि त्या मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा जेवण गरम करायचं नाही. एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापा, प्लीज, कारण बऱ्याच जणींनी ते कात्रण कापून ठेवलं असेल.

– एक वाचक, पुणे