प्रशिक्षण 'घेतलं नाही' की 'दिलं नाही'?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात शिक्षकांच्या नागरिकशास्त्र प्रशिक्षणाचा मुलांना किती उपयोग होतो, या अभ्यासाची बातमी वाचली. 'प्रशिक्षण न घेतलेल्या शिक्षकांचे विद्यार्थी मागे' असं ठळक छापलंय तुम्ही. ते न घेतलेले शिक्षक म्हणजे आम्ही. मी कळव्याच्या एका मराठी शाळेत सहावीला शिकवते आणि २०२३-२४ला त्या अभ्यासात कंपॅरिझन ग्रुपमध्ये होते. अहो, आम्ही घेतलं नाही असं नाहीये, आम्हाला दिलंच नव्हतं! एका गटाच्या शिक्षकांना शिकवायचं, दुसऱ्यांना मुद्दाम नाही आणि वर्षाच्या सुरुवातीला नि शेवटी दोन्हीकडच्या मुलांची एकच चाचणी घ्यायची, अशीच ती पद्धत असते. नाहीतर मुलं प्रशिक्षणामुळे पुढे गेली की एक वर्ष मोठी झाली म्हणून, हे कळणार कसं? हे मला पटलं होतं म्हणून तर मी सही केली. पण 'न घेतलेल्या' वाचून आमच्या स्टाफरूममध्येच दोघांनी मला विचारलं, तुम्ही का नाही हो गेलात? काय उत्तर देऊ?

आणि मागे म्हणजे कशात मागे तेही सांगते. चाचणीत एक प्रश्न होता, तुमच्या भागाचे प्रश्न महापालिकेच्या सभेत सध्या कोण मांडतं, खाली चार पर्याय. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२लाच संपली होती, निवडणूक झालेली नव्हती, सगळा कारभार प्रशासकाकडे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकाही पर्यायावर खूण केली नाही, बाजूला पेनाने लिहिलं, 'आत्ता कोणीच नाही, प्रशासक आहेत.' पेपर गोळा करायला आलेल्या ताईंना मी ते दाखवलं तर म्हणाल्या, मॅडम, उत्तरसूचीत नगरसेवक आहे, हे चूकच धरावं लागेल. शहरी स्थानिक शासन संस्थांचा धडा मी पुस्तकातून शिकवला आणि आपल्या शहरात आज काय चाललंय तेही सांगितलं, त्याचं फळ शून्य मार्क. मला अजून त्या मुलीचं वाईट वाटतं.

शिवाय त्याच वर्षी मी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) होते, मतदार यादीसाठी शाळा सुटल्यावर चाळी-चाळीतून फिरायचे, कधी शाळेच्या वेळेतही जावं लागायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं देऊ नयेत असं आहे, पण त्या 'सोडून'मध्येच आमचं अर्धं वर्ष जातं. दुसऱ्या गटातल्या किती जणांकडे बीएलओचं काम होतं, ते बातमीत कुठे आलंय का?

एकच मागणी आहे. बातमीत 'न घेतलेल्या' ऐवजी 'न दिलेल्या' अशी दुरुस्ती छापा. आणि अभ्यास संपल्यावर तुम्हालाही प्रशिक्षण नि पुस्तिका देऊ असं आम्हाला सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते तुमच्या प्रतिनिधीने अभ्यास करणाऱ्या लोकांना जरूर विचारावं. शहरी स्थानिक शासनाचा तो धडा आमच्याकडे दिवाळीनंतर येतो, त्याआधी पुस्तिका मिळाल्या तर यंदाच्या सहावीला वापरता येतील.

– एक शिक्षिका, कळवा, ठाणे